डब्यातली ताकद

लिवा बाई, पण मी सांगतो तसंच लिवा, गोड करू नका. नाव किसन, गावात वस्ताद म्हणत्यात, वय सत्तरच्या अलीकडं-पलीकडं, नक्की कुणी धरून ठेवलंय. आमी मूळचे मेंढरावाले. बाप माझा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचा, आन मला घोड्यावर कोंबड्या, हंडे, आन कालच जन्मलेल्या कोकरांबरोबर बांधायचा. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी अर्धी, कारण शाळा एका जाग्यावर आन आमी चालतं. मंग कालव्याचं पाणी फिरलं, जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला रान ऱ्हायलं न्हाय, बापानं मेंढरं इकली आन वडगाव निंबाळकरच्या शिवारात तुकडा व्हता त्याच्यावर बसला. बसला म्हंजी बसलाच. चालायची सवय मोडली आन दोन वर्सांत गेला.

मी तालमीत गेलो. अंगात रग व्हती, कळपामागं पळून पळून मांड्या झालेल्या, वस्तादांनी बघितलं आन म्हणले हा ऱ्हाऊ दे. जत्रंतल्या कुस्त्या केल्या, लांब लांब केल्या, इंदापुरापासनं पार सोलापूरच्या अंगापर्यंत केल्या. गुडघा गेला तवा थांबलो आन मंग मीच वस्ताद झालो. चाळीस वर्सं तालीम सांभाळली. आता तितं दहा पोरं बी येत न्हाईत, ती गोष्ट येगळी, ती सांगायला लागलो तर ऱ्हाईल हे.

आमच्या तालमीत एक रीत व्हती. मेहनत झाली की पोरानं खुराक वस्तादासमोर उभं ऱ्हाऊन प्यायचा. खुराक म्हंजी काय, दूध, त्यात वाटलेलं बदाम असलं तर असलं, न्हायतर शेंगदाणं भिजवून. आन पिऊन झालं की तांब्या पालथा करून दावायचा. थेंब पडला की वस्ताद म्हणणार, अजून हाय, पी. का, तर पोरं लई डामरट, घरून आलेलं दूध येशीबाहेर च्यावाल्याला द्यायची आन भजी खायाची. म्हणून पालथा तांब्या. ही रीत मी चाळीस वर्सं चालवली, आन लई अभिमानानं चालवली, काय सांगू तुम्हाला.

आन दुसरा अभिमान म्हंजी माझा हात. पोराच्या मानंमागं दाबलं, खुब्यावर दाबलं, की मी सांगायचो याला झोप कमी हाय, याला जंत हायती, याच्या घरी पोटभर मिळत न्हाय. खरं निघायचं. लोकं म्हणायची वस्तादाच्या बोटाला डोळं हायती. ऐकून ऐकून मला बी तसंच वाटाय लागलं.

हौसा माझी बायको. लगीन झालं तवा हातभर पोरगी व्हती, पण कामाला बघा, दोन म्हशींची धार, वैरण, तालमीतल्या पोरांचं धुणं, समदं तिचं. दूध काढायची ती, पण पिताना मी तिला कवा बघितलं न्हाय. च्या बी कोरा. मी म्हणायचो घे की घोटभर, ती म्हणायची तुमच्या पैलवानांना कमी पडंल. हे मी तवा हसण्यावारी घेतलं.

आमाला एकच पोरगा, तानाजी. त्याला कुस्तीत मन न्हवतं. बारामतीला शिकाय टाकला तर तिकडं ते लोखंड उचलायचं शिकून आला, आरशासमोर उभं ऱ्हाऊन दंड बघायचं. मी म्हणलं आरं, आरसा पाडायचा असतोय का माणूस? आईला हसू आलं, त्याला राग आला. मंग त्यानं इंदापुरात ष्टँडाजवळ दुकान टाकलं, व्यायामाच्या सामानाचं, आन त्यात ते डबे. मोठाले डबे, वरती उघडाबंब गोरा माणूस, अंगाला तेल चोपडलेलं, दात इचकून हसतोय. आन पुडे, नारंगी पावडरीचे, पाण्यात ढवळायचे, खेळाडू पितात म्हणं. टीव्हीत दावत्यात ना, पोरगं घामाघूम येतंय, गटागटा पितंय, आन पुना पळतंय. तसलं.

पयल्यांदा दुकान बघाय गेलो तवा म्हणलं, ताना, ह्यात काय हाय ते वाच. त्यानं वाचलं, इंग्रजीत व्हतं, मराठी करून सांगितलं. दुधाची भुकटी, साखर, अजून थोडं कायबाय. म्हणलं आरं लेका, दूध आपुन डेरीला घालतोय, साखर आपल्याच उसाची, तुझ्या डब्यात नवीन काय हाय, तो गोरा? पुढ्यात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. ताना म्हणला आबा, धंद्याच्या टायमाला नका. त्या दिसापासनं आमचं वाजलं. सणाला बायकोला घेऊन यायचा, आईशी बोलायचा, मला नुसतं काय आबा, बरं हाय का. आन मी बी कमी न्हाय, जेवताना मुद्दाम म्हणायचो, हौसे, वाढ गं त्याला भाकरी, डब्यात भाकरीची भुकटी अजून निघाली न्हाय.

मंग हौसा वाळाय लागली. हे परवा-परवाचं, दोन वर्सं झाली. आधी बांगड्या ढिल्या झाल्या. मंग धार काढता काढता दम लागायचा, म्हशीच्या अंगाला डोकं टेकून बसायची. वैरण कापताना पायाला इळा लागला, ती जखम मिटंना, हळद भरली, परत भरली, वलीच्या वलीच. आन तहान. सारखी कळशीला वाटी लावून पाणी. मी तिच्या मानंमागं हात दाबून बघितला, खुबा बघितला, आन म्हणलं हौसे, तुझं अंग खाल्लंय कामानं. जलमभर तू दूध प्यायली न्हाईस, त्याची ही फेड हाय. तुला खुराक पायजे. शेजारीण म्हणली भाऊजी, बारामतीला दावून आणा. म्हणलं चाळीस वर्सं अंगं बघतोय मी.

दूध द्याय लागलो तर तिला पचंना, उलटी व्हायची. मंग काय करावं? तवा माझ्या डोक्यात ते डबे आलं. ज्यांची मी जलमभर टर उडवली ते डबे. मनात म्हणलं, आजाऱ्यासाठी बरं असंल, दूधच हाय की, भुकटी हाय म्हणून हलकं असंल. लोकं बी दवाखान्यात भेटाय जाताना डबाच नेत्यात का न्हाय? नारळ आन डबा. मंग मला काय वावगं वाटलं न्हाय.

यष्टीत बसून इंदापूरला गेलो. ताना गल्ल्यावर व्हता. म्हणलं एक डबा दे, आन ती नारंगी पावडर बी दे, तिला तहान लई लागती. बाई, हे नीट लिवा आता. ताना म्हणला, आबा, हे मेहनत करणाऱ्या पोरांचं असतंय, आजारी माणसाला न्हाय. त्यातल्या निम्म्यांना बी त्याची गरज नसती, पण घेत्यात. आईला आधी डाक्टरला दावा, रक्त तपासा, मी येतो संगं. हे त्यो म्हणला. ह्याच शब्दात म्हणला. आन मी काय म्हणलं? मी म्हणलं तू मला अंग शिकवतो व्हय रं? डबे इकून डाक्टर झालास? गिऱ्हाइकासमोर म्हणलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं डबा खाली काढला, पुडे पिशवीत घातलं, आन म्हणला आईला सांगा रविवारी येतोय. रविवारी त्याला सासुरवाडीला जावं लागलं, म्हणून आला न्हाय.

तीन येळा पाजाय लागलो. सकाळी डब्यातलं, दुपारी नारंगी, दिस मावळताना परत डब्यातलं. गोडच गोड. ती म्हणायची अवो, तोंडाला मिठी बसती, पिलं की अजून तहान लागती. म्हणलं तहान लागली तर अजून पी, खेळाडू पितात. दोन दिस जरा तरतरी आल्यागत वाटलं, म्हणून मी खूश. मंग एक दिस ती म्हणली, अवो, न्हाणीत मुंग्या लई झाल्यात, मोरीच्या तोंडाशी काळ्याभोर रांगा.

मी जाऊन बघितलं. खरंच, रांगाच रांगा. आन माझ्या मनात काय आलं असंल सांगा? माझ्या मनात तालमीतली पोरं आली. म्हणलं ही बया खुराक मोरीत वततीया. मी पाजतो आन ही तोंडात धरून न्हाणीत जाऊन वतती, म्हणून तर अंगाला लागत न्हाय, म्हणून तर मुंग्या. मी तिला बोललो. लई बोललो. ती म्हणली देवाशपथ न्हाय वतलं. चाळीस वर्सं पोरांच्या असल्या शपथा ऐकलेला मी, मी कशाला मानतोय? त्या दिसापासनं मी तिला माझ्यासमोर उभं करून प्यायला लावलं. आन पिऊन झालं की म्हणायचो, कर पालथा.

करायची, बाई. तांब्या पालथा करून दावायची. एकदा थेंब पडला तर मी म्हणलं अजून हाय. ती हसली. म्हणली आता पैलवानच केलंत मला, कुणाबरोबर लावताय कुस्ती?

मुंग्या कशाच्या व्हत्या ते मला डाक्टरनं सांगितलं. लघवीत साखर जात व्हती तिच्या, त्या साखरंला मुंग्या लागत व्हत्या. ती येडी सांगत व्हती मला. तिचं अंग सांगत व्हतं. आन मी, बोटाला डोळं असलेला वस्ताद, मी तिला चोर ठरवलं.

आठव्या-नवव्या दिशी सकाळी च्या ठेवताना चुलीपुढंच कलंडली. श्वास लई मोठा चाललेला, तोंडाला वास, हाक मारली तर डोळं उघडंना. जीप करून बारामतीला नेली. डाक्टर तरणा व्हता, त्यानं रक्त घेतलं आन माझ्याकडं असा बघितला. म्हणला आजोबा, आजींना शुगर हाय हे माहीत न्हवतं? म्हणलं शुगर? ती बसून खाणाऱ्यांना व्हती, सायेबलोकांना. हिनं उभ्या जलमात बसून भाकरी खाल्ली न्हाय. त्यो म्हणला कष्टाच्या माणसाला बी व्हती. मंग म्हणला काय खायला-प्यायला देत व्हता? मी सांगितलं. त्यानं कागदावर लिवून घेतलं. मी म्हणलं सायेब, खरं सांगा, त्यानं झालं का? त्यो म्हणला रोग जुना हाय, त्या डब्यानं आणला न्हाय, पण भडकलेल्यात तुमी तेल वतलंत. महिनाभर आधी आणलं असतं तर औषधावर चालल्या असत्या. तिसऱ्या दिशी गेली. ताना उशापाशी व्हता, मी बाहेर बाकावर.

आता जे सांगतो त्येच्यासाठी मी तुमाला बोलावलंय, बाकीचं असंतसंच हाय.

दहाव्याला आमी नदीवर पिंड ठेवला. कावळं व्हतं, झाडावर बसल्यालं, पण शिवंना. अर्धा तास झाला, ऊन वर आलं. ज्यानं त्यानं काय काय कबूल करून बघितलं. म्हशी नीट सांभाळू म्हणलं, माहेरची साडी देऊ म्हणलं, काय न्हाय. तवा माझा चुलतभाऊ नामा, त्यो पुढं आला. समद्या भावकीसमोर म्हणला, पोरानं दुकानातली पावडर पाजून आई घालवली, आन तुमी साडीचं काय बोलताय? ताना, दुकान बंद करतो म्हण, आत्ता शिवंल बघ कावळा. बायकांनी तोंडाला पदर लावलं. तानानं मान वर केली. त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्याला ठाऊक व्हतं मी बोलणार. इंदापुरात काय झालं ते भावकीत आमा दोघांनाच म्हाईत. मी एवढंच म्हणायचं व्हतं, की पोरगं नको म्हणत व्हतं, पाजलं मी. दोन शब्द. मी डोकं भादरलेलं, खाली बघत बसलो. लाज वाटली, बाई. वस्तादानं बायको मारली म्हणतील, ह्याची लाज. ताना किती येळ बघत व्हता कुणास ठाऊक. मंग त्यानं हात जोडलं आन म्हणला, आई, बंद करतो दुकान. थोड्या येळानं कावळा शिवला. नामा म्हणला, बघितलं? समदी म्हणली, बघितलं.

दुकान बंद झालं. पोरगा वालचंदनगरला एका गोडाऊनवर माल मोजाय लागला, दुसऱ्याच्या हाताखाली. गावाकडं पाऊल न्हाय. मी इथं एकटा, दोन म्हशी, आन येणारी-जाणारी माणसं सांत्वन करत्यात, वस्ताद, पोरानं वाटोळं केलं वो तुमचं. आन मी व्हय म्हणत न्हाय, न्हाय बी म्हणत न्हाय. चीड येती. नामाची येती, त्या डब्यावरच्या दात इचकणाऱ्याची येती, टीव्हीची येती. एक पाव्हणा तर मला भेटाय आला आन काय घेऊन आला असंल? डबा! म्हणला खचलाय तुमी, दुधातनं घ्या. मी तो डबा उकिरड्यावर फेकला आन पाव्हण्याला दारातनं वाटंला लावला. त्याचा काय दोष व्हता? पण माझं असंच, ज्याला बोलायचं त्याला बोलत न्हाय, दुसऱ्यावर निघतंय.

वर्षश्राद्धाला ताना आला, आईचं म्हणून आला. पंगत बसली, नामा वाढप्यांवर वराडत व्हता. मी उठलो. गुडघा धरून उभं ऱ्हायलो आन म्हणलं, भावकीनं ऐका. पोरानं मला डबा देताना सांगितलं व्हतं, आईला देऊ नका, रक्त तपासा. मीच दांडगाईनं आणला. मीच समोर उभी करून पाजला. ती तहान वाढती म्हणत व्हती, तरी पाजला. पोराचा ह्यात केसाएवढा दोष न्हाय, आन गेल्या साली मी नदीवर गप बसलो, ती माझी दुसरी चूक. पत्रावळीवर हात थांबल्यालं. नामा म्हणला वस्ताद, शोकानं बोलताय तुमी, अवो कावळा शिवला की. म्हणलं नामा, अर्धा तास भात बघत बसलेला कावळा, त्यो कवा ना कवा शिवणारच व्हता.

ताना माझ्याकडं आला न्हाय. हात धुतला आन गेला. म्हणलं गेलं. गेलंच आता.

दुसऱ्या दिशी सकाळी स्कूटर वाजली. ताना. म्हणला काय खाल्लंय का? म्हणलं न्हाय. म्हणला बसा मागं. कुठं, काय, काय न्हाय. बारामतीला नेलं, रक्त द्याय लावलं, बाकावर बसवलं, संध्याकाळपर्यंत आमी दोगं तिथंच, चार शब्द बोललो असू. रिपोट आला. साखर बरोबर, समदं बरोबर. ताना तो कागद धरून रडाय लागला, लहान पोरासारखं, लोकं बघत व्हती. आन मला राग आला, काय सांगू तुम्हाला, असा राग आला! गोड च्या ढोसणारा मी, दूधतूप खाऊन बसलेला मी, मला काय न्हाय. आन कोऱ्या च्यावर जलम काढणाऱ्या तिला झालं. म्हणलं ताना, हे कुणाचं चुकलंय? त्यो म्हणला आबा, कुणाचं न्हाय, रक्ताला कष्ट कळत न्हाईत.

मी म्हणलं दुकान उघड. त्यो म्हणला, तुमी म्हणताय? म्हणलं ज्या तोंडानं गप बसलो त्याच तोंडानं म्हणतोय. उघडलं त्यानं, गेल्या म्हयन्यात. डबे ठेवलेत. मला पटत न्हाय. तालमीतली पोरं इचारत्यात, वस्ताद, घ्यावा का? मी सांगतो, शेंगदाणं खा, हरभरं भिजव, दूध पी, झोप, तहान लागली तर पाणी पी, लई घाम गेला तर मीठ-साखर-लिंबू. जे डब्यात हाय ते तुझ्या घरात हाय. आन घरात कुणी वाळत असलं, तहानत असलं, तर दुकानात न्हाय, दवाखान्यात जा. ताना म्हणतो आबा, ज्याच्या घरी दूध न्हाय, त्यानं घेतला तर बिघडलं काय? म्हणलं बिघडलं न्हाय, पण त्या गोऱ्यासारखं व्हणार म्हणून घेत असलं तर बिघडलं. त्यो म्हणतो तुमाला त्या गोऱ्याचंच लई. दर रविवारी हेच. तो येतो, वाद घालतो, मी वराडतो, सूनबाई आतनं म्हणती दोगंबी गप जेवा.

आमचं काय ह्यावर जमणार न्हाय, मला ठाऊक हाय. तिच्याबद्दल आमी अजून धड बोललो बी न्हाय. पण पोरगं येतंय, भांडतंय, चार भाकरी मोडतंय आन जाताना म्हणतंय, आबा, औंदा परत रक्त तपासायचं हाय. तुमचं बी बघून घ्या बाई, आन तुमच्या घरातल्या बाईमाणसांचं आधी बघा, त्या सांगत न्हाईत. झालं. एवढंच लिवा, आन माझं नाव खाली घाला.